‘ब्रेव्हली सेकंड’ की ‘ब्रेव्हली डिफॉल्ट २’: दुसरा भाग नेमका कोणता?

‘ब्रेव्हली डिफॉल्ट’ या जपानी रोल-प्लेइंग गेमचा पुढचा भाग म्हणून दोन गेम दाखवले जातात आणि दोघांच्याही नावात ‘दुसरा’ आहे. एक ‘ब्रेव्हली सेकंड: एंड लेयर’, जपानमध्ये एप्रिल २०१५ मध्ये आलेला. दुसरा ‘ब्रेव्हली डिफॉल्ट २’, फेब्रुवारी २०२१ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आलेला. आमच्या नाशिकच्या मित्रमंडळीत यावरून गोंधळ ठरलेला. पहिला गेम उसन्या थ्रीडीएसवर (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल) संपवायचा आणि पुढे त्यातल्या नायिकेचं, आन्येसचं, काय झालं हे बघायला ‘२’ विकत घ्यायचा. त्यात आन्येस नाही, तिचा सोबती टिझ नाही, त्यांचं जग लक्सेंडार्कही नाही.

कथा पुढे नेतो तो ‘सेकंड’. जग तेच, पहिल्या गेमनंतर अडीच वर्षांनी. आन्येस आता धर्मपीठाची प्रमुख झाली आहे आणि सुरुवातीलाच तिचं अपहरण होतं. तिला सोडवायला यू नावाचा तरुण सरदार निघतो, चंद्रावरून आलेली मॅग्नोलिया त्याला मिळते, आणि जुन्यांपैकी टिझ व इडिया पुन्हा सोबत येतात. पहिला गेम न खेळता हा हातात घेतला तर पहिल्या गेमचे मोठे धक्के सुरुवातीलाच फुटतात. तसं कुणाचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ते धक्के मालिकेचं खरं वैभव आहेत.

‘२’ मध्ये खंडाचं नाव एक्सिलंट आणि चौघं पूर्ण नवे: वादळात जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला खलाशी सेथ, राज्य गमावलेली राजकन्या ग्लोरिया, अभ्यासू एल्विस आणि भाडोत्री योद्धा अ‍ॅडेल. आकडा वाढला की जग नवं, ही ‘फायनल फँटसी’ या गेममालिकेची जुनी रीत. दोन्ही मालिकांची कंपनी स्क्वेअर एनिक्स, तिने तीच इथे वापरली. एवढं ध्यानात ठेवलं की नावांचा घोळ मिटतो.

खेळण्यातला फरक मात्र जास्त खोल आहे. तिन्ही गेमचा पाया एकच. ‘डिफॉल्ट’ केलं की पात्र बचाव करतं आणि आपली पाळी साठवतं. ‘ब्रेव्ह’ केलं की साठवलेल्या किंवा पुढच्या पाळ्या आत्ताच वापरून एका दमात चारपर्यंत कृती करतं. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागांत येणाऱ्या मजुरांची उचल असते ना, तसंच हे. आधी हातात घ्या, मग फिटेपर्यंत राबा. इथे फेड म्हणजे शत्रू मारत असताना गप्प उभं राहणं. जॉब (पात्राचा पेशा आणि त्यासोबतची कौशल्यं) मिळवायची पद्धतही तीच: प्रत्येक जॉबचा अ‍ॅस्टेरिस्क नावाचा खडा कुणाकडे तरी असतो, त्याला हरवायचं आणि तो जॉब आपला.

‘सेकंड’ हा पाया वेगासाठी वापरतो. पहिल्याच फेरीत लढाई जिंकलीत तर लगेच पुढची लढाई घ्यायची सोय आहे, आणि साखळी लांबेल तसं बक्षीस वाढत जातं. पण उचल पुढच्या लढाईतही सोबत येते. त्यामुळे चार वारांत सगळं उधळायचं की दोनच वापरून पुढच्यासाठी राखायचं, हा हिशेब साध्या चकमकीतही रंगतो. वाटेत अचानक येणाऱ्या शत्रूंचं प्रमाण आपण ठरवतो, अगदी शून्यावरही आणता येतं. एकूण ३० जॉब आणि त्यातले १२ नवे. माझा सगळ्यात लाडका विझार्ड. एकाच आगीच्या मंत्राला तो वेगवेगळे आकार देतो; धुकं केलं तर मंत्र सावकाश, फेरीमागून फेरी लागत राहतो. मांजरांकडून लढून घेणारा जॉब आहे, मिठाई करणाराही आहे. शिवाय पहिल्या गेममधले जुने अ‍ॅस्टेरिस्कवाले इथे जोडीजोडीने भांडत भेटतात. आपण एकाची बाजू घ्यायची आणि ज्याला हरवलं त्याचा जॉब मिळतो. पटलेली बाजू एकीकडे आणि हवा असलेला जॉबही तिच्याच हातात, अशी कोंडी होते. जॉबच्या निवडीला कथेशी इतकं नेमकं बांधणारं दुसरं काही मला या मालिकेत दिसलं नाही.

‘२’ संथ आहे, आणि त्याची ताकदही तीच. सगळ्यांचे हुकूम आधी देऊन मग फेरी बघायची ही पद्धत इथे गेली. प्रत्येकाची पाळी त्याच्या वेगानुसार स्वतंत्र येते, आणि अंगावरच्या हत्यारं-चिलखताला वजन आहे. शत्रू नकाशावर दिसतात. कमकुवत असले तर आपल्याला बघून पळतात. बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावरचे मोठे शत्रू, मात्र कठोर. ठरावीक प्रकारच्या कृतीला ते लगेच उलटवार करतात, म्हणून एकच आवडती जोडी घेऊन शेवटपर्यंत जाता येत नाही, जॉब बदलावेच लागतात. अनेकांना याचा राग येतो. मला वाटतं, २४ जॉब असलेल्या गेमने खेळाडूला ते वापरायला लावणं योग्यच आहे. संगीताबाबतही मी ‘२’च्या बाजूने. पहिल्या गेमचा संगीतकार रेव्हो इथे परतला आणि ते पहिल्या बॉसपासून कानाला कळतं. ‘सेकंड’चं संगीत रियोचं आहे, चांगलं आहे, पण तो भारदस्तपणा त्यात नाही.

आता मिळण्याचं. ‘२’ सप्टेंबर २०२१ पासून स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवरही चालतो. पहिल्या गेमची एचडी आवृत्ती जून २०२५ मध्ये स्विच २ वर आली. ‘सेकंड’ थ्रीडीएसवर निघाला, आणि त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, म्हणजे जुनं कार्ट्रिज शोधणं आलं. त्यात एक मेख आहे: थ्रीडीएस प्रदेशानुसार कुलूपबंद असतो. मामाने अमेरिकेहून आणलेल्या कन्सोलवर युरोपातलं कार्ट्रिज चालणार नाही, जपानचंही नाही. कॉलेज रोडला भेटून कुणाकडून जुनं घेणार असाल तर पैसे देण्याआधी ते आपल्याच कन्सोलमध्ये घालून बघा.