ओला कापूस आणि शोधनिबंध

भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली, की ग्रेडर आधी ओलावा बघतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत भावात कपात, त्यापुढे गाडी परत. नुसतं वजन मोजलं असतं, तर कापसावर पाणी मारणारे निघालेच असते.

आपल्या विद्यापीठांतल्या वाणिज्य आणि व्यवस्थापन विभागांनी मात्र शोधनिबंधांच्या बाबतीत बरीच वर्षं नुसत्या काट्यावर भागवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांत शोधनिबंधांना गुण आले, बढती त्यांच्याशी जोडली गेली, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. चाळणी म्हणून यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

मग निबंध किती यापेक्षा इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्याचे दाखले (संदर्भ) किती दिले, हे मोजावं? भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक सुचवला: जितक्या निबंधांना किमान तितकेच दाखले मिळालेत, असा सर्वांत मोठा आकडा. समजा, एका प्राध्यापकांच्या पाच निबंधांना ४०, ९, ४, ३ आणि १ असे दाखले मिळाले. किमान तीन दाखले मिळालेले निदान तीन निबंध आहेत, किमान चार मिळालेले चार नाहीत. म्हणून एच ३. गंमत अशी, की ४० च्या जागी ४०० असते तरी एच ३च!

शिवाय विषय वेगळा की चालही वेगळी. जीवशास्त्रात दाखले भराभर साचतात, वाणिज्यात सावकाश. म्हणून दाखल्यांना त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या सरासरीने भागतात. वाणिज्यात ६ दाखले, सरासरी ४, तर १.५. जीवशास्त्रात ३० दाखले, सरासरी ४०, तर ०.७५. सहाने तिसाला मागे टाकलं. ही रीत मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. पण चारच प्राध्यापकांच्या विभागात एखादा निबंध गाजला, की सगळ्या विभागाचा आकडा फुगतो.

आणि कुणी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या कापूस बाजारातल्या कपातीवर मराठीत अभ्यास केला तर? बाजार समितीचा सचिव तो वाचेल, कदाचित पद्धतही बदलेल. पण सचिव काही तळटिपा लिहीत नाही, म्हणजे दाखला शून्य. आणि दाखले मोजणाऱ्या स्कोपससारख्या सूचींत भरणा इंग्रजीचाच.

ब्रिटनने विद्यापीठांतल्या संशोधनाच्या २०१४ च्या मूल्यमापनात विद्यापीठाबाहेर पडलेल्या प्रभावाला २० टक्के वजन दिलं, २०२१ मध्ये २५. तिथे विभागाला पुराव्यासकट दाखवावं लागतं, की संशोधनामुळे बाहेर काय बदललं. आपल्याकडे असा पुरावा म्हणजे समितीचा ठराव आणि कपातीच्या आधीच्या-नंतरच्या हिशोबपट्ट्या. त्या तर शेतकऱ्याच्या घरी, भिंतीवरच्या तारेला टोचलेल्या असतात.