जुना शृंगारप्रधान ऐतिहासिक चित्रपट डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर आणायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

नागपूर, अमरावती आणि भुसावळ येथून एकेकाळी सीपी-बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) सर्किटचे, म्हणजे त्या वितरण-विभागाचे, चित्रपट वितरण चालत असे आणि त्या व्यवसायातील घरांच्या कपाटांत जुन्या करारांच्या फायली, क्वचित रिळेही, आजवर टिकून आहेत. त्यांतला एखादा दरबारी किंवा कोठीच्या पार्श्वभूमीचा, प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट डिस्कवर आणावा, असे पुढच्या पिढीला वाटते. अर्जदाराला धास्ती असते ती शय्यादृश्यांची. सेन्सॉर मंडळ ती कापून टाकील या भीतीने तो थांबून राहतो. प्रत्यक्षात बहुतेक अर्ज अडतात ते मालकीच्या कागदावर, म्हणून आधी त्याविषयी सविस्तर लिहितो.

वडिलांच्या फायलीतला करार बाहेर काढून शांतपणे वाचावा. सर्किटच्या वितरकाला निर्मात्याकडून मिळत असे तो बहुधा ठरावीक प्रदेशात, ठरावीक वर्षांसाठी, चित्रपटगृहांत चित्रपट दाखवण्याचा हक्क. निगेटिव्हची मालकी त्यात नसते, आणि व्हिडिओ हा शब्दही नसतो. रिळे घरात आहेत म्हणजे चित्रपट आपला आहे, हा समज अनेकांना फार महागात पडतो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असे मानता येत नाही. १९९५ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. जुन्या करारांना या तरतुदी कितपत लागू पडतात यावर वाद घालत बसण्यापेक्षा निर्मात्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून घरगुती व्हिडिओचे माध्यम, प्रदेश आणि मुदत स्पष्ट लिहिलेले नवे, सहीचे हक्कपत्र घेणे सर्वांत सुरक्षित आहे.

निर्माता हयात नसल्यास सर्व वारसांच्या सह्या लागतात. येथे सातबाऱ्यावरील वारस नोंद जोडणारे अर्जदार दर वेळी भेटतात. ती नोंद जमिनीसाठी असते आणि चित्रपटाच्या हक्कासाठी तिचा उपयोग नाही. मृत्युपत्र किंवा दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला पाहिजे. निर्मात्यांच्या संघटनेकडे केलेली शीर्षकाची नोंदणी हाही मालकीचा पुरावा नव्हे.

"चित्रपट इतका जुना आहे, आता हक्क कोणाचे उरले?" असेही विचारले जाते. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. १९६४ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली; १९७८ च्या चित्रपटाची ३१ डिसेंबर २०३८ पर्यंत आहे. चित्रीकरणाच्या किंवा प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजणी केल्याने चूक होते. शिवाय कथा एखाद्या कादंबरीवर बेतलेली असेल, तर त्या कादंबरीचा प्रताधिकार स्वतंत्र असून लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो.

दुसरा अडणारा कागद म्हणजे मूळ सेन्सॉर प्रमाणपत्र, दोन्ही भागांसह. दुसऱ्या भागात कोणत्या रिळातून काय वगळले याची नोंद असते आणि शृंगारप्रधान चित्रपटाच्या बाबतीत तीच निर्णायक ठरते, पण जपून ठेवलेला असतो तो फक्त पहिला भाग. शासनाच्याच मंडळाने दिलेला कागद पन्नास वर्षांनी सामान्य माणसाने शोधून आणावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे, तरीही ती पूर्ण केल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्जात चित्रपटाचे नाव, भाषा, निर्माता आणि प्रदर्शनाचे वर्ष द्यावे. १९८३ पूर्वीच्या कागदांवर मंडळाचे जुने नाव असते, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही चौकशी करावी.

जुन्या प्रमाणपत्रावर दहा वर्षांची मुदत पाहून ते रद्द झाले असे समजणारे पुष्कळ आहेत. ही मर्यादा २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने काढून टाकली आहे, त्यामुळे केवळ दहा वर्षे उलटली म्हणून घाबरू नये. मात्र व्हिडिओ चित्रपट ही मंडळाकडे वेगळी वर्गवारी राहिलेली असल्यामुळे डिस्कसाठी अर्ज करावाच लागतो.

आता लांबीचा प्रश्न. प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते आणि ३५ मिमी फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते, म्हणजे ३,८४० मीटरचा चित्रपट १४० मिनिटांचा झाला. तोच पाल पद्धतीच्या (आपल्याकडील जुन्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेमनी) चालत असल्यामुळे सुमारे १३४ मिनिटांत संपतो. हा फरक पत्रात आधीच समजावून दिला नाही, तर काहीतरी कापले आहे अशी शंका येते आणि खुलाशांच्या पत्रव्यवहारात महिने जातात. उलट लांबी वाढलेली दिसली, तर ते अधिक गंभीर आहे. निगेटिव्हमध्ये वगळलेले प्रसंग शिल्लक असतील आणि संग्राहकांना आवडेल म्हणून ते परत जोडले, तर जुने प्रमाणपत्र त्या आवृत्तीला लागू होत नाही. प्रमाणित चित्रपटात मागाहून फेरफार करून तो दाखवणे हा गुन्हा असून शिक्षा तीन वर्षांच्या कारावासापर्यंत जाते. पूर्ण आवृत्तीच आणायची असेल, तर तसे उघड सांगून नव्याने प्रमाणपत्र मागावे.

दृश्यांच्या बाबतीत भीतीपोटी स्वतःच कात्री चालवू नये. ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून आणि त्यात दाखवलेल्या काळाच्या संदर्भात पाहायचा असतो. ऐतिहासिक चित्रपटाच्या अर्जदारासाठी हा मोठा आधार आहे आणि तो अर्जासोबतच्या निवेदनात प्रसंगवार मांडावा. डिस्कसाठी 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचे) प्रमाणपत्र मिळवलेच पाहिजे, हा समजही चुकीचा आहे. 'ए' चित्रपटाला बंदी आहे ती टीव्हीवर, आणि टीव्हीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागते.

अर्ज मंडळाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर भरायचा असून विदर्भातील अर्जदार मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे येतात. नोंदणी, शुल्क आणि प्रत सादर करणे यांत फारशी अडचण येत नाही.

प्रमाणपत्र हाती आले की डिस्क छापायला देण्यापूर्वी प्रताधिकार कायद्याचे कलम ५२-अ वाचावे. वेष्टनावर आणि चित्रपट सुरू होताना पडद्यावर, अशा दोन्ही ठिकाणी प्रमाणपत्राची प्रत, डिस्क काढणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाची परवानगी घेतल्याची घोषणा आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. वेष्टनाचा खर्च वाचवण्यासाठी यांतील एखादी ओळ गाळली, तरी कलम ६८-अ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात माल ठेवताना अठरा वर्षांखालील कोणालाही तो विकला जाणार नाही, असे दुकानदाराकडून लिहून घ्यावे.

मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास आधी पुनरीक्षण समितीकडे जाता येते. त्यानंतर कोठे जायचे, याबाबत अजूनही जुनी माहिती फिरत असते. अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झाले असून आता अपील थेट उच्च न्यायालयात होते, आणि मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे. आदेश पोर्टलवर दिसतो. टपालाची वाट पाहत बसल्यास ही मुदत निघून जाते, म्हणून आदेश दिसला त्याच आठवड्यात वकिलाला गाठून नागपूर खंडपीठात दाखल करायचे की मुंबईत, हे ठरवून घ्यावे.