डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नवीन कॉम्प्युटर जोडून घ्यायला आलेले ग्राहक प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी कुठल्या कंपनीची, हे सगळं बारकाईने विचारतात. एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, पाळी आली की मात्र "कॅबिनेटसोबत येतो तोच बसवा" म्हणून मोकळे होतात. आमची विनंती अशी, की बजेट बसत नसेल तर काचेचं कॅबिनेट सोडा, रंगीत दिवे सोडा, रॅम आज ८ जीबीच घ्या, ती पुढे वाढवता येते. एसएमपीएसमध्ये मात्र हात आखडू नका. रॅम गेली तर एकटी रॅम जाते. एसएमपीएस जाताना १२ व्होल्टच्या वायरवर भलतंच व्होल्टेज सोडून गेला, तर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही सोबत जातात. मदरबोर्ड नवा मिळतो, डिस्कवरचे फोटो आणि हिशेब मिळत नाहीत.

लेबल कसं वाचायचं

खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि सप्लायच्या अंगावर चिकटवलेला तक्ता बघा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणून तेवढाच रकाना वाचला तरी बरंच कळतं. त्याखालचे अँपिअर गुणिले १२, की खरे वॅट निघाले.

कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्तातल्या एखाद्या सप्लायवर "४५० वॅट" ठळक छापलेलं असतं आणि १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. चांगल्या ४५० वॅटच्या सप्लायवर त्याच जागी ३६-३७ अँपिअर दिसतील, म्हणजे ४३० ते ४४५ वॅट. दोन्हींच्या खोक्यावर आकडा एकच असतो. दुकान आमचं असो की दुसऱ्याचं, पैसे देण्याआधी हा गुणाकार तिथेच उभं राहून करा. तक्ताच नसेल, किंवा १२ व्होल्टचे अँपिअर लिहिलेले नसतील, तर तो सप्लाय परत ठेवा.

'८० प्लस' हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. ब्राँझ दर्जाचा सप्लाय निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के कार्यक्षम असतो. कॉम्प्युटर २०० वॅट खात असेल तर ब्राँझ भिंतीतून सुमारे २३५ वॅट ओढेल, गोल्ड सुमारे २२२. ऑफिसच्या टायपिंगसाठी, टॅलीसाठी आणि मुलांच्या अभ्यासासाठी आम्ही ब्राँझच सुचवतो. व्हिडिओ रेंडरिंग किंवा तासन्‌तास गेमिंग असेल तर गोल्डचे पैसे वाचलेल्या विजेतून आणि कमी उष्णतेतून हळूहळू वसूल होतात. "८५ प्लस" किंवा "८० प्लस रेडी" असले शब्द दिसले तर तो खरा शिक्का नव्हे.

शिक्का असला तरी सुरक्षितता आपोआप येत नाही. त्यासाठी ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, शॉर्ट सर्किट आणि ओव्हर टेम्परेचर ही प्रोटेक्शन्स नीट काम करणारी हवीत. २०२१ मध्ये एका नामांकित कंपनीला स्फोटाच्या तक्रारींनंतर आपले ७५० आणि ८५० वॅटचे गोल्ड दर्जाचे सप्लाय बदलून द्यावे लागले होते. म्हणून आम्ही कंपनीवर भागवत नाही, मॉडेल बघतो आणि वॉरंटी बघतो. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देणाऱ्याला आत हलके कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) घालून परवडत नाही.

किती वॅटचा घ्यावा

ग्राफिक्स कार्ड नसलेला आय-थ्री किंवा आय-फाइव्हचा कॉम्प्युटर रोजच्या कामात बहुधा १०० वॅटसुद्धा ओढत नाही. त्याला ४५० वॅटचा खरा सप्लाय पुरून उरतो. कार्ड असेल तर हिशेब करावा लागतो. आय-फाइव्ह १२४०० जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं आहे, बाकीच्यांचे पन्नासेक धरा. बेरीज ३४० च्या आसपास. पण कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी घेतं, म्हणून तिथे ५५० वॅट. त्याहून मोठा उगाच घेऊ नका, ते पैसे एसएसडीत घाला.

अर्थिंग

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आमच्याकडे सारखी येते, आणि लोक ती "कॉम्प्युटरला थोडा करंट येतोच" म्हणून सोडून देतात. कृपया सोडू नका. सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे गेलेले छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. भिंतीत अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा मुख्य व्होल्टेजच्या जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी असल्यामुळे नुसत्या झिणझिण्याच येतात. पण ज्या दिवशी आतलं इन्सुलेशन जाईल त्या दिवशी तोच पत्रा पूर्ण फेजवर येईल आणि एमसीबी पडणार नाही, कारण करंटला जायला वाटच नाही. ती वाट मग हात लावणाऱ्याच्या अंगातून होते.

तीन पिनांपैकी जाड पिन कापलेली असेल किंवा टू-पिन अडॅप्टर वापरात असेल तर आधी ते बदला. मग वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नकोत. आपल्या कोकणात जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असेल तर फारच उत्तम. दहा हजारांचा सप्लाय बसवला तरी अर्थिंगची उणीव भरून निघत नाही. त्यामुळे झिणझिण्यांची तक्रार असेल तर आम्ही आधी भिंतीतलं सॉकेट तपासायला सांगतो, नवा सप्लाय विकत नाही.

यूपीएस, वीज आणि पाऊस

चांगल्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असतो. काही स्वस्त यूपीएस आणि जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर यांच्याशी त्याचं जमत नाही. लाइट गेली की यूपीएस सुरू होतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. तेव्हा दोष सप्लायचा असेलच असं नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, हेही लक्षात असू द्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडत असतील तर यूपीएसचा प्लगसुद्धा भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, आणि ब्रॉडबँडची तांब्याची वायर असेल तर तीही काढा.

पुराच्या पाण्यात भिजलेला सप्लाय वाळवून पुन्हा लावू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हाचा गाळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. तो गाळ सप्लायच्या आत गेला तर कितीही उन्हात ठेवला तरी सर्किटवरून निघत नाही. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या खाचांवर पट्ट्या बसवून घ्या, पाली आणि मुंग्या तिथूनच आत जातात.

बदलताना आणि दुरुस्त करताना

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, सप्लाय बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. केबल घट्ट बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन सगळ्या डिस्क एका क्षणात जातात.

सप्लायच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, असं समजू नका. पंखा फिरायला फारशी ताकद लागत नाही. लोड देऊन १२ व्होल्टचं माप ११.४ ते १२.६ च्या आत राहतं का, हे बघावं लागतं. घरी सप्लाय उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक राहू शकतात. जुन्या सप्लायच्या मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वर करून त्यावर चिकटपट्टी लावा. खटका ११५ वर ठेवून आपल्या विजेवर सुरू केला तर तो मोठ्या आवाजाने फुटतो.

येताना सध्याच्या सप्लायच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणा, ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचं नाव आणि यूपीएसवरचा व्हीएचा आकडा. हिशेब आम्ही तुमच्यासमोर कागदावर मांडतो. बिलावर सप्लायचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून जाऊ नका, वॉरंटीत कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.