गोव्यात कलेतून इतिहास शिकवायचा तर: थोडी पार्श्वभूमी

शाळेत चित्रकलेचा तास वेगळा आणि इतिहासाचा तास वेगळा, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ही वाटणी कधी झाली असा प्रश्नही कोणाला पडत नाही. चित्रकलेच्या सरांकडे स्थिरचित्र, निसर्गदेखावा, पोस्टर. इतिहासाच्या बाईंकडे सनावळ्या. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कला आणि बाकीचे विषय जोडून शिकवा असं सगळीकडे बोललं जातंय, म्हणून म्हटलं यामागचं सगळं एकदा नीट लिहून काढावं, कारण मला मनापासून वाटतं की या कामाला गोव्याइतकी चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. इथे देव हललेत, पुतळे हललेत, चित्रं हललीत, चित्रकारसुद्धा हललेत. आणि ते का हलले, कोणी हलवले, कुठे गेले हे विचारत गेलं की गोव्याचा इतिहास आपोआप उलगडायला लागतो.

आधी शाळेतल्या वाटणीचं बघू. मुंबईचं जे.जे. कला विद्यालय १८५७ ला सुरू झालं, तिथला अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर होता, म्हणजे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवायच्या आणि मुलांनी त्या हुबेहूब काढायच्या. हात तयार व्हायचा यात शंका नाही, पण तो पुतळा मुळात कोणाचा, कोणी उभारला, कोणाच्या पैशाने, हे विचारायची वेळच यायची नाही. १८९६ ला हॅवेल कलकत्त्याच्या आर्ट स्कूलचे प्रिन्सिपल झाले, त्यांनी युरोपियन नमुने बाजूला काढून मुघल लघुचित्रं मुलांसमोर ठेवली, मग अवनींद्रनाथ टागोर आले, १९१९ ला शांतिनिकेतनात कलाभवन झालं, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये बडोद्याला ललितकला विभाग सुरू झाला तिथे कलेचा इतिहास हा चित्रं काढण्याच्या जोडीने शिकायचा विषय झाला. शाळांपर्यंत मात्र यातलं फारसं काही झिरपलं नाही. शाळेचा ड्रॉइंगचा तास जे.जे.च्याच वळणावर राहिला.

गोव्यात तर तेही नव्हतं. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत इथे चित्रकलेचं एक कॉलेज निघालं नाही, ज्याला चित्रकार व्हायचंय त्याने मुंबई गाठायची. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरचं कला महाविद्यालय सुरू झालं १९७२ ला, म्हणजे पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यावर अकरा वर्षांनी. त्यामुळे ज्या पिढ्यांना आपल्या गावचं देऊळ आणि आपल्या गावची इगर्ज म्हणजे चर्च चित्रकाराच्या नजरेने वाचायला शिकवायला हवं होतं, त्यांना ते शिकवणारं इथे कोणी तयारच होत नव्हतं.

आणि वाचण्यासारखं तर केवढं आहे. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, माणसं, आणि ते गोल गोल फिरत आत जाणारं चक्रव्यूहासारखं चित्र. अभ्यासकांच्या नोंदीत ती १९९३ ला आली, गावच्या लोकांना अर्थात आधीपासून माहीत होती. त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मला वाटतं मुलांना हे मतभेदसुद्धा सांगावेत, एक आकडा पाठ करून घेण्यापेक्षा ते बरं. जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या म्युझियममध्ये गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातले वीरगळ म्हणजे वीरांचे स्मारक-दगड आहेत, त्यात एकावर जहाजं कोरलीयत. कदंब दर्यावर्दी होते असं पुस्तकातलं एक वाक्य वाचणं वेगळं आणि लढाईत मेलेल्या माणसाच्या दगडावर जहाज बघणं वेगळं. तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळही त्याच कदंबांच्या काळातलं, काळ्या बेसॉल्टचं, जंगलात आडबाजूला म्हणून वाचलं असं सगळेच सांगतात.

पण खरी गुंतागुंत सुरू होते १५१० नंतर, आणि इथे थोडं थांबायला हवं.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला, तिसवाडी (आजच्या पणजी आणि जुन्या गोव्याचा भाग) पोर्तुगीजांकडे गेली, १५४३ ला बारदेस आणि सासष्टी गेली. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली, सासष्टीतली १५६० च्या दशकात. लोकांनी काय केलं, तर देव उचलले आणि नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पलीकडे अंत्रूज महाल म्हणजे आजचा फोंड्याचा भाग तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणजे मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदू देव आसऱ्याला गेले. ही गोष्ट आजच्या मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे, कारण त्यांच्या डोक्यात इतिहासाचे जे सरळसोट गट पडलेले असतात त्यात ही गोष्ट बसत नाही.

आता पुढचं बघा. आज आपण जी मोठी देवळं बघतो ती त्यानंतर खूप उशिराची, कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ १७३८ चं, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या मदतीने उभं राहिलेलं. त्या देवळांसमोर उभं राहून मुलांना फक्त वर बघायला सांगायचं. घुमट आहे तो दख्खनी-मुसलमानी वळणाचा, कमानीच्या खिडक्या आणि भिंतीला चिकटलेले अर्धे खांब थेट इगर्जीसारखे, पुढे मजल्यांची पांढरी दीपमाळ, आत झुंबरं. ज्यांच्यामुळे देव पळाले त्यांच्याच इमारतींचं वळण दोनशे वर्षांनी देवाच्या नव्या घरात आलं. का आलं? कारागीर तेच होते म्हणून, डोळ्याला तेच सुंदर वाटायला लागलं होतं म्हणून, की तालेवार माणसाचं घर असंच दिसायला हवं असं ठरून गेलं होतं म्हणून? मला वाटतं तिन्ही. आणि आठवीतल्या मुलाला हा प्रश्न टाकला तर तो चांगलं उत्तर देऊ शकतो, फक्त कोणी विचारत नाही.

तीच गोष्ट काव कलेची. चिऱ्याच्या भिंतीवर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, त्यावर काव म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार सळीने खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा, की तांबड्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर तांबडी नक्षी उमटते. मोरजीच्या मोरजाई देवळात ती बघायला मिळते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग पोर्तुगीजांकडे फार उशिरा म्हणजे १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात आले, तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून तिथली देवळं जागेवर राहिली. म्हणजे काव कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही याचा नकाशा काढला तर जुन्या आणि नव्या काबिजादीचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर जिंकलेल्या मुलखाचा, राजकीय नकाशाच डोळ्यासमोर यायला लागतो. अर्थात जीर्णोद्धाराच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी भिंती पाडून टाइल्स लावल्या गेल्या, त्याचं फार वाईट वाटतं, पण तेही मुलांना सांगायलाच हवं, कारण ती टाइलसुद्धा आपल्या काळाबद्दल काहीतरी सांगते.

इगर्जीत आत गेलं की दुसरी बाजू दिसते. १६ व्या शतकात हुकूम निघाले की हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं करायची नाहीत. पुन्हा पुन्हा निघाले. याचा अर्थ सरळ आहे, काम तेच लोक करत होते, कारण तेवढे कुशल हात दुसरीकडे नव्हते. म्हणून हस्तिदंतात कोरलेला बाळ येशू, मेंढपाळाच्या वेशात, गालाला हात लावून डोळे मिटून बसलेला, बघताना ध्यानस्थ बुद्धाची आठवण होते, आणि काही पुलपिटांना, म्हणजे पाद्रीच्या प्रवचनाच्या उंच चौथऱ्यांना, आधार देणाऱ्या बायकांची कमरेखालची अंगं नागिणीची असतात. हस्तिदंत यायचा आफ्रिकेतून, मोझांबिककडून. एका वीतभर मूर्तीत आफ्रिकेचा व्यापार, युरोपचा धर्म आणि गोव्याचा हात. जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात असल्या वस्तू जवळून बघता येतात. जुन्या गोव्याच्याच बॉम जेझू इगर्जीत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी केलेली, १७ व्या शतकातली, आणि तिच्या खालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या फॉजिनीने केलेला, १६९८ ला इथे पोचलेला. मुलांना नेहमी चौथऱ्याची माहिती दिली जाते कारण शिल्पकाराचं नाव माहीत आहे. सोनारांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत, आणि असं का, हाही इतिहासाचाच धडा आहे.

साहित्यातही हेच झालं. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं, बायबलची कथा, पण ओव्यांत आणि मराठीत.

मग येतात सत्तेची चित्रं. १५४७ मध्ये व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रू याने आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची पोर्ट्रेट काढून घेतली, इतिहासकार गास्पार कोर्रेयाच्या देखरेखीखाली, आणि रंगवणारा चित्रकार इथलाच. पुढे प्रत्येक नव्या व्हाइसरॉयचं चित्र त्यात वाढत गेलं. ही चित्रं नंतर अनेकदा वरून रंगवली गेली, त्यामुळे आपण जे बघतो ते एका काळाचं नाहीच. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरच्या व्हाइसरॉय कमानीवर एका बाजूला वास्को द गामा आणि दुसऱ्या बाजूला एक बाई, तिच्या पायाखाली एक माणूस आडवा. पर्यटक खालून चालत जातात आणि वर बघत नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या गोव्यात साम्राज्य म्हणजे काय हे इतक्या थोड्या जागेत सांगणारं दुसरं शिल्प नाही.

पणजीत आझाद मैदानावर जो मंडप आहे त्यात पूर्वी आल्बुकेर्कचा पुतळा होता. मुक्तीनंतर तो म्युझियममध्ये गेला, आज तिथे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. तिथून दोन पावलांवर मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात निळ्या-पांढऱ्या फरशांवर मोठी चित्रमालिका आहे, जॉर्ज कोलासूने १९३५ मध्ये केलेली, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे वास्को द गामाचा गौरव. संस्थेचं नाव तेव्हा इन्स्टिट्यूट वास्को द गामा. आणि सन बघा, १९३५, सालाझारची हुकूमशाही लिस्बनमध्ये पक्की झालेली. ज्या मिनेझिस ब्रागांझांनी १९३० मध्ये सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला त्यांचं नाव १९६३ ला या इमारतीला दिलं. फरशा तशाच ठेवल्या. पुतळा हलला आणि फरशा राहिल्या, हा फरक का, यावर नववीच्या वर्गात दोन तास वाद होऊ शकतो आणि व्हावा. माझं मत विचाराल तर फरशा राहिल्या हे बरंच झालं, कारण साम्राज्याला स्वतःची गोष्ट कशी सांगायची होती हे समजायला त्या लागतात, पण पुतळा चौकात असणं म्हणजे रोज मान द्यायला लावणं, तो हलायलाच हवा होता.

राहिले चित्रकार. सांग्यात १८७० ला जन्मलेले आंतोनियो त्रिंदाद मुंबईला गेले, जे.जे.त शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. जुवें बेटावरचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) जे.जे. सोडून बंगालला अवनींद्रनाथांकडे गेले, परत येऊन त्यांनी मरियेला, म्हणजे येशूच्या आईला, चित्रात साडी नेसवली, सावळी, आपल्याकडच्या बाईसारखी. गोव्यात त्यावर एवढी नाराजी झाली की त्यांनी पुढचं आयुष्य पुण्यात काढलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, चर्चनेच स्थानिक रूपांना मोकळीक दिली, पण तोवर त्यांचं आयुष्य संपत आलं होतं. त्यांची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. साळगांवचे एफ. एन. सूझा (जन्म १९२४), चले जाव चळवळीत भाग घेतला म्हणून १९४५ ला जे.जे.तून काढलेले, १९४७ ला प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट काढणारे, त्यांचे ते खिळे ठोकलेले येशू आणि दात विचकणारे पाद्री हे लहानपणी बघितलेल्या इगर्जीशिवाय समजत नाहीत. मडगांवचे लक्ष्मण पै मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले, नंतर पॅरिसला दहा वर्षं राहिले आणि १९७७ ते १९८७ आल्तिनोच्या कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. बाहेर गेलेला माणूस परत येऊन शिकवायला बसला, हे गोव्यात पहिल्यांदा त्या पिढीत जमलं.

गाण्याचं वेगळं लिहावं लागेल एवढं मोठं आहे. पण एक तरी सांगतो, अंत्रूजमधल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर, कलावंत समाजातल्या, त्यांचं गाणं १९७७ ला व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलं. देवळाशी बांधलेल्या बायकांची कला, त्यांना समाजाने दिलेली वागणूक आणि त्यांचं पुढे मोठं होणं हे संगीताच्या तासाला सांगायचं नाही तर कुठे सांगायचं?

शाळांपुरतं बोलायचं तर सुरुवात सोपी ठेवावी. पाचवी-सहावीला काव, कारण पुठ्ठ्यावर चुना आणि तांबडा रंग लावून मुलं ती खरंच करून बघू शकतात. सातवी-आठवीला फोंड्याची देवळं आणि एक इगर्ज, एकाच दिवशी, वहीत खिडक्या काढून आणायच्या. नववी-दहावीला पणजीच्या फरशा आणि आझाद मैदान, आणि जमलं तर फोन्सेकांची मरिया. आणि महिन्यातून एकदा तरी ड्रॉइंगचे सर आणि इतिहासाच्या बाई एकाच तासाला वर्गात हव्यात. त्याचे मार्क चार्टला देऊ नयेत, मुलाने विचारलेल्या प्रश्नाला द्यावेत.