भेदनचाचणीचे घरगुती माध्यम

गोळी किंवा एअर रायफलचा छर्रा किती खोल शिरतो आणि शिरताना त्याचा आकार कसा बदलतो, हे पाहण्यासाठी समोर ठेवलेला पदार्थ म्हणजे भेदनचाचणीचे माध्यम. प्रयोगशाळेत गेलॅटिनची लादी वापरतात, कारण गोळीला तिचा विरोध स्नायूंसारखा असतो. अमेरिकी लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात १० टक्के गेलॅटिन आणि ४ अंश सेल्सिअस तापमान हे प्रमाण रूढ केले. लादी नीट जमली का, हे ताडायला ४.५ मिमी व्यासाचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारतात. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला, तरच लादी ग्राह्य.

नागपुरात गाडे अडते ते या ४ अंशांवर. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि गेलॅटिन तिशी ओलांडली की विरघळू लागते. फ्रिजमधून काढलेल्या लादीचा वरचा थर अंगणात लगेच सैल पडतो, गाभा मात्र घट्ट राहतो. अशा लादीत मोजलेल्या खोलीला काही अर्थ नाही.

त्यामुळे घरी भिजवलेली रद्दीच सर्वांत भरवशाची. वर्तमानपत्रे रात्रभर पाण्यात बुडवावीत, सकाळी निथळून खोक्यात घट्ट रचावीत. चाचणीनंतर एकेक पान उलगडत गेले की भोक कुठे रुंदावले, छर्रा कुठे तिरपा झाला, हे स्पष्ट दिसते. असा माग दुसरे कोणतेही स्वस्त माध्यम देत नाही. मात्र भिजवण्याचा वेळ आणि दाब दर वेळी सारखाच हवा. उन्हाळ्यात गठ्ठा सावलीतच ठेवावा, कारण सुकत आलेला कागद छर्रा लवकर अडवतो. रद्दीतले आकडे रद्दीशीच ताडावेत, गेलॅटिनशी नव्हे.

पाणी नेहमी एकजिनसी असते, पण त्यात गोळी गेलॅटिनच्या साधारण दीड ते दोन पट खोल जाते. नागपुरातल्या मूर्तिकारांच्या वस्तीत, चितार ओळीत, मूर्तींसाठी वापरतात ती शाडू माती उसळून परत येत नाही, म्हणून पोकळी तशीच राहते. बुलेटप्रूफ जाकिटाच्या चाचणीतही मागे मळीव मातीच ठेवून खळगा मोजतात. शाडूचा ओलावा मात्र तासागणिक बदलतो.

घरगुती चाचणी एअर रायफलपुरतीच ठेवावी. परवान्याची बंदूक वस्तीत चालवायची नाही, तिची जागा रेंजवर. माध्यमामागे वाळूची पोती रचावीत आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पत्रा किंवा दगडी भिंत छर्रा उलट फेकते.