पहिल्या व्हायोलिनची खुर्ची: चौघांच्या बैठकीतून वाद्यवृंदाकडे

बडोद्याला व्हायोलिन परकं नाही. मौलाबक्षांच्या 1886 सालच्या गायनशाळेतून वाढलेल्या, सुरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयात ते शिकवलं जातं. पण इथला विद्यार्थी मांडी घालून, तारा षड्ज-पंचमात लावून, एकट्याने किंवा साथीला वाजवतो. त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कॉन्सर्टमास्टरचं, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या म्होरक्याचं, काम आपल्याला अर्धंच दिसतं: तो उठतो, ओबो या सुषिर वाद्यावरचा 'ए' स्वर सगळ्यांना मिळवून घ्यायला लावतो आणि बसतो. ही खुर्ची चालवण्याची तयारी बहुधा स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो अशा चौघांच्या संचात, झालेली असते.

हातात बॅटन (छडी) घेतलेला संचालक एकोणिसाव्या शतकात रुळला. त्याआधी बऱ्याचदा पहिला व्हायोलिनवादकच गजाच्या इशाऱ्यावर सगळ्यांना चालवायचा. व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक शुपान्त्सिग बेथोवनची क्वार्टेट वाजवायचा, आणि 7 मे 1824 ला बेथोवनचीच नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा व्हायोलिनांचा म्होरक्याही तोच होता. आर्नोल्ड रोझे 1881 मध्ये व्हिएन्नात कॉन्सर्टमास्टर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचं क्वार्टेट काढलं. दोन्ही कामं तो 1938 पर्यंत करत होता. मग नाझी राजवटीत, ज्यू म्हणून, त्याला ते शहर सोडावं लागलं.

क्वार्टेटमध्ये नेमकं काय शिकायला मिळतं? आधी सूर. चेलोची सर्वांत खालची तार 'सी', व्हायोलिनची सर्वांत वरची 'ई'. 'सी'ला षड्ज मानलं तर 'ई' हा गांधार. एकावर एक चार शुद्ध पंचम रचत 'सी'पासून 'ई'पर्यंत गेलं, की तो गांधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे 22 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा निघतो. म्हणून अनेक क्वार्टेट तारा लावताना दोन तारांमधलं पंचमाचं अंतर किंचित आकसून घेतात, आणि मोकळी 'ई' वाजवण्याऐवजी तोच स्वर 'ए' तारेवर बोटाने घेतात. 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत श्रुतींवर खल झाला होता. तिथल्या पंडितांना हा पेच लगेच कळला असता.

वाद्यवृंदात हिशेब बदलतो. सोळा पहिली व्हायोलिनं म्हणजे दोघांमागे एक अशी स्वरलिपी ठेवायची आठ स्टँड. गज कुठे खाली, कुठे वर, हे कॉन्सर्टमास्टर पेन्सिलने लिहून देतो. ते तालमीआधी प्रत्येक स्टँडवर पोचलं नाही तर अर्धी तालीम खोडरबरात जाते. क्वार्टेटमध्ये एका गजात बसणारी लांब ओळ इथे बऱ्याचदा दोन गजांत तोडावी लागते, नाहीतर मोठ्या सभागृहात आवाज पुरत नाही. दहा मीटर मागे बसलेल्यांना पुढचा आवाज सुमारे 0.03 सेकंद उशिरा पोचतो. ते कानावर विसंबले की मागे पडतात. म्हणून कॉन्सर्टमास्टरचा श्वास आणि गजाची उचल ठोक्याआधी, त्याच लयीत दिसली पाहिजे. क्वार्टेटमध्ये संचालकच नसतो. तिथे ही सवय अंगी बाणते.

आपल्याकडे हा मार्ग सर्वांत स्पष्ट दिसतो तो मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता (1908–2002) यांच्या कारकिर्दीत. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी हा वाद्यवृंद उभा केला, 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं. पुढे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात ते सहायक कॉन्सर्टमास्टर झाले, मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवलं. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद सुरू केला आणि तो 33 वर्षं चालवला.