शेंडा उडवला की झाड वादळात टिकतं?

मे उजाडला की सोसायटीत ठरलेलं वाक्य: गुलमोहराचा शेंडा उडवा, मग पडायची भीती नाही. ऐकायला पटतं, पण होतं उलटंच. सरसकट तोडलेल्या टोकाला झुबक्याने धुमारे फुटतात आणि ते सालीलगत, वरवर धरलेले असतात. मूळ जखम भरत नाही, पावसात कुजत जाते. काही वर्षांनी नेमका तोच जड झुबका मोडून खालच्या गाडीवर! वाळक्या, घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढा, तेही पालिकेच्या परवानगीने. १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे. बुंध्याला आवळलेले पेव्हर ब्लॉक मात्र आधी उचला, त्यांनी मुळं कमजोर होतात. २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईत कितीतरी झाडं मुळासकट आडवी झाली. नारळाच्या हिरव्या झावळ्या राहू द्या. सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या.